बालीत राहायला चाललोय, फिरायला नाही. रोजचं कसं असतं तिथे?

कर्वेनगरची_मीरा:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला बालीतल्या एका हॉटेलात मेन्टेनन्सला नोकरी मिळालीये, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, जूनमध्ये मी आणि लेक (आत्ता तिसरीत) पण जाणार, घर बहुतेक सानूरला. आता झालंय असं की बाली म्हटलं की इथे जो तो मला झोपाळ्यावरचे फोटो नाहीतर हनिमून पॅकेजच दाखवतोय, शेजारच्या काकू तर 'मज्जा आहे बाई तुझी' म्हणून मोकळ्या झाल्या. अहो पण मला तिथे रोज डबे भरायचेत! भाजी कुठून आणायची, गॅस कसा मिळतो, पाणी किती वाजता येतं, शेजारीपाजारी कसे असतात, शाकाहारी माणसाचं काय होतं, आणि वर्षातून एक दिवस अख्खं बेट बंद असतं म्हणतात ते खरं का? तिथे राहून आलेल्यांनी लिहा प्लीज. देवळांची यादी नकोय, ती यूट्यूबवर आहे.

तिरकस_सदाशिव:
पाणी किती वाजता येतं हे विचारलंत तिथेच कळलं अस्सल पुण्याच्या आहात. शुभेच्छा.

धनकवडीचा_सानूरकर:
मीराताई, सानूर मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मी कोविडच्या आधी तिथे हॉटेल लाइनमध्ये होतो, राहायला सानूरलाच. कुटा-चांगूसारखा गोंगाट नाही, म्हातारे ऑस्ट्रेलियन आणि फॅमिलीवाले लोक जास्त, समुद्राकाठून चालायचा लांबलचक रस्ता आहे, लेकीला सायकल चालवता येईल.

आता एकेक घेतो. पाणी नळाला असतं पण प्यायचं नाही, त्यासाठी १९ लिटरचे जार, तिकडे गालोन म्हणतात, कोपऱ्यावरच्या दुकानात रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, फोन केला तर पोरगा स्कूटरवर आणून देतो. गॅस सिलेंडर पण त्याच दुकानात. ३ किलोचे हिरवे छोटे दिसतील ते सबसिडीचे, गरिबांसाठी असतात, आपण १२ किलोचा घ्यायचा. लाइट बऱ्याच भाड्याच्या घरांत प्रीपेड, म्हणजे पैसे भरले की २० आकडी नंबर येतो तो मीटरवर टाइप करायचा, संपत आलं की मीटर पी पी करत बसतो आणि तो नेमका रात्री दोनलाच संपत येतो हा माझा अनुभव.

भाजीला सानूरला सिंधू मार्केट आहे, पहाटे जायचं, आठनंतर मजा नाही. शिवाय सकाळी गल्लीत स्कूटरवाला भाजीवाला येतो, स्कूटरच्या दोन्ही बाजूला फळी लावून त्याला पालेभाज्या, टोफू, मिरच्या, मासे सगळं छोट्या छोट्या पिशव्यांत टांगलेलं असतं, मागची गाडी दिसत नाही इतकं. त्याच्याशी ओळख वाढवा, निम्मी भाषा त्याच्याकडूनच शिकाल.

हिशोब सोपा, रुपियातले दोन शून्य उडवा आणि उरलेल्याचं निम्मं करा, साधारण आपले रुपये येतात. वारुंगमध्ये म्हणजे छोट्या खानावळीत भात आणि चार भाज्यांची प्लेट २०-३० हजारात मिळते.

फिरायला स्कूटरच. ट्रेन नाही, बस २०२० पासून सुरू झाल्यात पण सगळीकडे जात नाहीत. गाडी डावीकडूनच चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना पुण्यातूनच काढून या आणि त्यावर टू-व्हीलरचा शिक्का आहे ना बघून घ्या, नाहीतर अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला तोच कागद मागतात. आणि हेल्मेट घाला, हे पुणेकरांना वेगळं सांगतोय.

तिरकस_सदाशिव:
हेल्मेटवर धागा भरकटवू नये ही विनंती. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते.

खमंग_शुभदा:
शाकाहाराचं मी सांगते. पहिले एक डोक्यातून काढा की बाली हिंदू आहे म्हणजे शाकाहारी असेल. लोकसंख्येत सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास हिंदू आहेत पण सणाला डुक्कर लागतंच, बाबी गुलिंग म्हणजे अख्खं डुक्कर भाजतात ते तर तिथलं मानाचं जेवण. लावार म्हणून भाजी-खोबऱ्याचा प्रकार असतो तो बघून आपल्याला वाटतं वा कोशिंबीर, तर त्यात बऱ्याचदा मांस आणि रक्त पण घालतात, विचारल्याशिवाय घेऊ नका.

पण उपाशी मुळीच राहणार नाही. तेम्पे तर कमाल आहे, सोयाबीन आंबवून केलेली वडी, पातळ काप करून कुरकुरीत तळायची, मुलांना पण आवडते. टोफू रोजचा, त्याला ताहू म्हणतात. उराप म्हणजे उकडलेल्या भाज्यांना मसाल्याचं ओलं खोबरं चोळतात, अगदी आपल्या घरचं वाटतं. गाडो-गाडोवर दाण्याची आमटीसारखी दाट चटणी. फक्त तेरासी लक्षात ठेवा, सुकटीचा वाटलेला गोळा असतो, तो संबालमध्ये म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, वाफवलेल्या पाल्यात, कशातही सापडतो. 'तान्पा तेरासी' हे दोन शब्द पाठ करून जा, तान्पा म्हणजे शिवाय. आणि वर ठेवलेले पांढरे पापड बहुतेक कोळंबीचे असतात.

नारळ, फणस, कच्ची केळी, वांगी, दोडका, कारलं सगळं मिळतं. मी गेले होते तेव्हा सोबत फक्त गोडा मसाला, हिंग, आमसुलं आणि मुगाची डाळ नेली होती, पुरलं.

कर्वेनगरची_मीरा:
शुभदाताई किती छान लिहिलंत, तान्पा तेरासी फ्रीजवर चिकटवून ठेवते. सानूरकर दादा, शेजाऱ्यांचं राहिलं.

ऋता_गियान्यार:
मी बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय खास या धाग्यासाठी. माहेर सहकारनगर, सासर गियान्यार, म्हणजे उबुदच्या जवळ. नवरा इथलाच. त्यामुळे शेजाऱ्यांचं मी सांगते आणि जरा लांब होईल.

इथे शेजारी म्हणजे बंजार. प्रत्येक वस्तीचा एक बंजार, त्याचा एक मोठा उघडा मंडप असतो, त्यात लाकडी पोकळ घंटा टांगलेली, कुलकुल. ती वाजली की तिच्या ठोक्यावरून कळतं मीटिंग आहे, कुणी गेलंय की आग लागलीये. लग्न झालं की नवरा-बायको सभासद होतात, होतात म्हणजे व्हावंच लागतं. मग कुणाच्या घरी लग्न, कुणाचं दात घासायचं कार्य (हो, वयात आल्यावर सुळे कानसीने थोडे सपाट करतात), कुणाचा अंत्यविधी, देवळाची जत्रा, प्रत्येक ठिकाणी फुकट राबायचं. त्याला न्गायाह म्हणतात. पुरुष बांबू तोडणार, डुक्कर कापणार, मसाला चिरणार, बायका नैवेद्य करणार. देवळांची जत्रा २१० दिवसांनी येते आणि गावात एकच देऊळ नसतं, गावाची मुख्य तीन, शिवाय घराण्याचं, शेताचं, बाजाराचं, घरातलं वेगळंच. म्हणजे वर्षभर काही ना काही चालूच. गैरहजर राहिलात तर दंड. वारंवार राहिलात तर लोक बोलायचं बंद करतात, आणि ते नुसतं रुसणं नसतं, वाळीत टाकणं असतं, घरात कुणी गेलं तर स्मशानाची अडचण येऊ शकते. म्हणून हॉटेलात नोकरी करणारा माणूस रजा कापून घेतो पण बंजारला नाही म्हणत नाही. मालक लोक कुरकुर करतात की इथली माणसं सारखी रजेवर, त्यापेक्षा जावातून आणलेली बरी. पण त्याच हॉटेलच्या वेबसाइटवर फोटो मात्र मिरवणुकीचे!

बायकांचं वेगळं प्रकरण. रोज सकाळी ज्या फुलांच्या परड्या रस्त्यावर, दुकानाच्या दारात, स्कूटरवर ठेवलेल्या दिसतात त्या चानांग सारी. नारळाच्या कोवळ्या पानाची परडी, त्यात पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं नाहीतर हिरवं, वर उदबत्ती, कधी बिस्किट, कधी सिगरेट पण. टूरिस्ट म्हणतात हाऊ क्यूट. माझ्या सासूबाई पहाटे उठून करतात, मग बाजार, मग नातवाची शाळा. आता नोकरीवाल्या पोरी तयार परड्या विकत आणतात, मी पण आणते, आणि गंमत म्हणजे ते नारळाचं पान बरंचसं जावातून ट्रकने येतं कारण इथे एवढं पुरतच नाही. सणाच्या आधी भाव असा चढतो की गौरी-गणपतीत मंडईत फुलं घेतल्यासारखं वाटतं.

मीरा तुला यातलं काही करावं लागणार नाही, तू पाहुणी. पण घर घेतलंस की बंजारच्या प्रमुखाला जाऊन भेट, नाव नोंदव, बाहेरून आलेल्यांना दर महिन्याला थोडे पैसे भरायला लागतात ते वेळेवर दे, पावती घे. आणि रस्त्यातली परडी ओलांडायची नाही, कडेने जायचं. उदबत्ती विझली की मग चुकून पाय लागला तरी कुणी काही म्हणत नाही.

तिरकस_सदाशिव:
म्हणजे मंडळाची वर्गणी, फक्त 'साहेब घरी नाहीत' सांगून सुटता येत नाही.

ऋता_गियान्यार:
हाहा अगदी. आणि मंडळ पण आहे बरं का. बंजारची तरुण पोरं वर्षातून एकदा दोन-दोन महिने जागून राक्षस बनवतात, ओगोह-ओगोह, बांबूचा सांगाडा, वर कागद, डोळे हलतात, जीभ बाहेर, काहींत मोटार बसवलेली. पूर्वी थर्माकोल सर्रास असायचा, आता स्पर्धेत तो चालत नाही. वर्गणी, रुसवेफुगवे, पलीकडच्या बंजारचा किती फुटी झाला यावरून जळजळ, सगळं तेच. मिरवणूक झाली की जाळतात. आणि दुसऱ्या दिवशी न्येपी, तुझा तो अख्खं बेट बंदवाला दिवस.

कर्वेनगरची_मीरा:
बंद म्हणजे किती बंद? दूध वगैरे?

धनकवडीचा_सानूरकर:
ताई, विमानतळ बंद. २४ तास. एकही विमान उतरत नाही, उडत नाही. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा घराबाहेर पडायचं नाही, मोठा दिवा लावायचा नाही, आवाज नाही. २०१८ पासून मोबाईलचं इंटरनेट पण बंद ठेवतात. रस्त्यावर फक्त पेचालांग, म्हणजे गावचे स्वयंसेवक, चौकड्याचं लुंगीसारखं वस्त्र नेसलेले, खिडकीतून उजेड दिसला की येऊन सांगतात. दवाखाना आणि अ‍ॅम्ब्युलन्सला सूट. हॉटेलातले पाहुणे हॉटेलातच, पडदे लावून. आम्ही स्टाफ आदल्या दिवशीच आत मुक्कामाला जायचो कारण दुसऱ्या दिवशी येणार कसं. रात्री बाहेर आकाश बघा मात्र, सानूरमध्ये एरवी जे दिसत नाही ते त्या एका रात्री दिसतं.

लेकीसाठी आदल्या दिवशीच खाऊ, पत्ते, गोष्टीची पुस्तकं आणून ठेवा, दुकानांत त्या दिवशी अशी गर्दी असते की विचारू नका.

पंचांगवाला:
इथे एक भर घालतो. न्येपी म्हणजे त्यांचं शक नववर्ष, आणि शक तोच जो आपल्या पंचांगात, ७८ वजा करायचे. अमावास्येनंतरचा पहिला दिवस, त्यामुळे बऱ्याचदा पाडव्याच्या आसपास येतो. २०२३ ला दोन्ही २२ मार्चला होते, २०२५ ला न्येपी २९ मार्च आणि पाडवा ३० मार्च, २०२६ ला दोन्ही १९ मार्च, शके १९४८. पण २०२४ ला न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता, कारण अधिक महिना धरायची रीत दोन्हीकडे सारखी नाही. आपण त्या दिवशी श्रीखंड खाऊन शोभायात्रा काढतो, ते दिवा न लावता बसतात.

दुसरं एक २१० दिवसांचं चक्र आहे त्याचा चंद्राशी संबंधच नाही, गालुंगान वगैरे सण त्यावर चालतात म्हणून इंग्रजी वर्षात कधी कधी दोनदा येतात. तेव्हा दारोदार वाकलेले सजवलेले उंच बांबू उभे करतात, पेंजोर. आमच्या सौ. फोटो बघून म्हणाल्या गुढी वाकली वाटतं.

ऋता_गियान्यार:
पंचांगवाले काका, याच चक्रात तुम्हाला आवडेल असा तुम्पेक लांदेप पण आहे, शस्त्रांचा दिवस, म्हणजे आपली खंडेनवमीच. पूर्वी क्रिस म्हणजे कट्यार पुजायचे, आता स्कूटर, कार, लॅपटॉप. नवऱ्याच्या ऑफिसात त्या दिवशी प्रिंटरला पण हार असतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी कागद अडकतोच. सरस्वतीचा पण दिवस असतो, पुस्तकं पुजायची आणि वाचायची नाहीत. मीराची लेक खुश होईल.

एनए_प्लॉट_राहुल:
धागा मस्त चाललाय. एक व्यावहारिक प्रश्न. चांगू-उलुवातू साइडला दोन बीएचके व्हिला घेऊन भाड्याने लावायचा विचार आहे, एका एजंटने पुण्यात येऊन एका हॉटेलात सेमिनार घेतला होता, १५ टक्के रिटर्न गॅरंटी म्हणतोय. मुळशीत एनए प्लॉटमध्ये एवढं मिळत नाही. जमीन लोकल माणसाच्या नावावर घ्यायची आणि आपल्याशी साइड अ‍ॅग्रीमेंट, असं आहे. कुणी केलंय का?

तिरकस_सदाशिव:
गॅरंटी हा शब्द ऐकला की पुण्यातला माणूस छत्री घेऊन उठतो. तुम्ही बसून राहिलात?

धनकवडीचा_सानूरकर:
राहुलभाऊ, पाया पडतो, लांब राहा. १९६० च्या जमीन कायद्यापासून तिथे पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाची. परदेशी माणूस लीजवर घेऊ शकतो, साधारण २५-३० वर्षं. लोकलच्या नावावर घेऊन मागून करार करायचा ह्याला नॉमिनी म्हणतात आणि तो करार बेकायदा आहे, उद्या त्याने किंवा त्याच्या पोरांनी हात वर केले तर तुम्ही कोर्टात जाऊन काय सांगणार, की मी कायदा मोडायला पैसे दिले होते? शिवाय तिथे हिरवा पट्टा, किनारा, देवळापासूनचं अंतर असे झोन आहेत. उलुवातूजवळच्या बिंगिन किनाऱ्यावर जुलै २०२५ मध्ये सरकारी जमिनीवरची चाळीसेक बांधकामं पाडली, वर्षानुवर्षं धंदा करणारी होती ती.

ऋता_गियान्यार:
राहुल, कायद्याचं सानूरकरांनी सांगितलंच. मी दुसरं सांगते, राग मानू नकोस. तो व्हिला ज्यावर उभा राहणार ते बहुतेक भातशेत असणार. आमच्या शेजारच्या काकांनी त्यांचं लीजवर दिलं. का देऊ नये? बडुंग जिल्ह्यात २०२५ साली किमान पगार महिना ३५ लाख रुपियाच्या आसपास होता, म्हणजे आपले अठरा-एकोणीस हजार धर, आणि बडुंगचाच बेटावर सगळ्यात जास्त. भात पिकवून तर तेवढेही सुटत नाहीत. पोरगा हॉटेलात ड्रायव्हर. पैसे एकरकमी आले, घराचं देऊळ नवं केलं, गाडी घेतली. पण पुढच्या तीन शेतांना पाणी जायचा पाट त्यांच्या बांधावरून होता, तिथे आता कंपाउंडची भिंत आणि स्विमिंग पूल. ती तीन शेतं पण जाणार, फक्त थोडी नंतर.

पानशेतचे_आजोबा:
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सिंहगड रोडला राहतो. वरच्या ताईंनी पाटाचा विषय काढला म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

बालीची ही पाणीव्यवस्था, सुबाक, आमच्या क्षेत्रात फार नावाजलेली. नवव्या शतकापासूनचे उल्लेख आहेत, २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतली, सगळ्या बेटावर अशा बाराशेच्या आसपास संस्था. एका पाटावर जेवढे शेतकरी तेवढ्यांची एक सुबाक, गाव कुठलं का असेना. पाणी वाटायला लाकडाचा ओंडका आडवा टाकतात, त्याला खाचा, ज्याचा जेवढा वाटा तेवढी खाच रुंद. मीटर नाही, गेट नाही, चावी नाही. कुणालाही बांधावर उभं राहून दिसतं कोण जास्त घेतंय. आमच्या कालव्यावर रात्री सायफन टाकून पाणी चोरणारे आठवले की त्या ओंडक्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

खरी हुशारी पुढे आहे. सगळ्यांनी एकाच वेळी भात लावला तर पाणी पुरत नाही. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा लावला तर कुठे ना कुठे कायम उभं पीक असतं, आणि तुडतुडे नि उंदीर एका शेतातून दुसऱ्यात जात वर्षभर जगतात. म्हणून खोऱ्यातल्या सुबाकांनी देवळात बसून ठरवायचं की वरच्यांनी आधी लावायचं, खालच्यांनी नंतर, आणि कापणीनंतर इतका मोठा पट्टा एकदम रिकामा ठेवायचा की किडीला खायला काही उरू नये. वरच्याने खालच्याचं का ऐकावं? पाणी तर त्याच्या हातात. तर ऐकतो कारण खालच्याने हट्टाने वेगळ्या वेळी लावलं तर कीड वरच्याच्याच शेतात येते. दोघांची नड एकमेकांत अडकलेली. सगळ्यात वर बातूर तळ्याचं देऊळ, तिथली देवी पाण्याची मालकीण.

१९७० च्या दशकात सरकारने सांगितलं हे देवळाचं सोडा, सुधारित बियाणं, खत, वर्षभर सलग पीक घ्या. पहिली काही वर्षं उत्पन्न वाढलं आणि मग तपकिरी तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं बसवली. स्टीफन लान्सिंग म्हणून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी संगणकावर खोऱ्याचं मॉडेल करून दाखवलं की देवळाच्या वेळापत्रकाने पाणी आणि कीड दोन्हींचा मेळ बसतो. आमच्यासारख्या इंजिनिअरांनी हे वाचून कान पकडावेत असं आहे.

आपल्याकडेही होतं हो. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत, बंधाऱ्याखाली शेतीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळा कारभार लोकांचा. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, पाणी जमिनीवर नाही तर माणशी, भूमिहीनालाही हक्क, ऊस बंद. किती टिकलं ते आपल्याला माहीतच आहे.

राहुलराव, तुमच्या व्हिलाची भिंत त्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला येते एवढंच म्हणायचं होतं.

एनए_प्लॉट_राहुल:
आजोबा मान्य. पण मी नाही घेतला तर दुसरा घेणार आहे ना. आणि मुळशीत काय वेगळं होतंय? तिथे भाताची खाचरं बुजवून फार्महाऊस झालीच की, त्यातली निम्मी याच फोरमवरच्या लोकांची असतील.

तिरकस_सदाशिव:
हे मात्र बरोबर बोलले. धाग्यावर शांतता पसरली बघा.

धनकवडीचा_सानूरकर:
शांतता कसली, मी लिहितोय. सप्टेंबर २०२५ मध्ये डेन्पासारला, म्हणजे बालीच्या राजधानीत, पूर आला तेव्हा माझ्या जुन्या सहकाऱ्याने व्हिडिओ पाठवले, बडुंग नदीकाठच्या बाजारात पाणी, दुकानांचे मजले कोसळलेले, डझनभराहून जास्त माणसं गेली. पाऊस प्रचंड होताच, पण नदीत कचरा आणि वरची शेतं बुजलेली, मग पाणी जिरणार कुठे. मी तेव्हा आंबील ओढ्याची आठवण काढली, २०१९ ची ती २५ सप्टेंबरची रात्र, आमच्या भागात भिंती पडून माणसं गेली. त्याला सांगितलं तर म्हणाला तुमच्याकडे पण व्हिला बांधतात का? काय उत्तर देऊ.

कचऱ्याचं पण सांगून ठेवतो मीराताई, डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा वारा असतो तेव्हा कुटाच्या किनाऱ्यावर रोज समुद्र प्लास्टिक आणून टाकतो. सानूर पूर्वेला म्हणून त्या महिन्यांत तिथे त्यामानाने बरं. प्लास्टिक पिशव्या, स्ट्रॉ २०१९ पासून बंद आहेत, दुकानात पिशवी देत नाहीत, कापडी नेत जा. घरचा कचरा वेगळा करायचा आणि तो उचलायला माणूस तुम्हीच लावायचा, घरमालकाला आधीच विचारा कोण येतो ते, नाहीतर शेजारी मागच्या परसात जाळतात आणि तुमचे कपडे वाळत असतात.

खमंग_शुभदा:
मीरा, कुत्र्यांचं पण. गल्लीत मोकळी कुत्री भरपूर आणि २००८ पासून बेटावर रेबीज आहे, लेकीला सांगून ठेव हात लावायचा नाही. माकडांना तर मुळीच नाही. चावलं-ओरखडलं तर साबणाने धुऊन त्याच दिवशी लस, उद्या बघू नाही.

कर्वेनगरची_मीरा:
बापरे, केवढं मिळालं एका धाग्यात. मी भाजीचं विचारलं आणि भाताच्या किडीपर्यंत पोचलो, पण मला ते फार आवडलं, आजोबा तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो म्हणाला हॉटेलचं बोअरिंगचं पाणी कुठून येतं हे पहिल्या दिवशी विचारतो. विचारू नकोस म्हटलं, आधी पगार होऊ दे.

ऋता, तुझ्याशी बोलायला आवडेल, आल्यावर भेटू. शाळेचं सांगशील का? इंटरनॅशनल परवडणार नाही. आणि मला तिथे काही काम करता येईल का, इथे मी अकाउंट्स बघते घरूनच.

ऋता_गियान्यार:
नक्की ये, सासूबाईंना पाहुणे आवडतात, फक्त जत्रेच्या आठवड्यात आलीस तर हातात पानं आणि सुरी मिळेल. लोकल शाळेत सगळं इंडोनेशियन भाषेत. मुलं लवकर शिकतात, लिपी रोमन आहे आणि स्पेलिंग जसं लिहिलं तसं वाचायचं, माझी पुतणी बाहेरून आली होती ती वर्षभरात आम्हाला चुका दाखवायला लागली. सानूरला मधल्या फीच्या, दोन भाषांच्या शाळा पण आहेत, आल्यावर प्रत्यक्ष बघ, ऑनलाइन फॉर्म भरून पैसे पाठवू नकोस.

वर्गात एक गंमत होईल, अर्ध्या मुलांची नावं तीच. पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं क्तुत, पाचवं झालं की परत वायान. मुलगा-मुलगी दोघांना तेच. पुढे स्वतःचं वेगळं नाव असतं, तेच लक्षात ठेवायचं.

कामाचं जपून. नवऱ्याच्या परमिटवर अवलंबून असलेल्या व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही. घरून भारतातलं काम चालतं का याबद्दल फोरमवरच्या कुणाचंही ऐकू नकोस, माझं पण नाही, नवऱ्याच्या कंपनीच्या व्हिसा बघणाऱ्या माणसाकडून लेखी घे. टूरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडून बसलेले हजार लोक चांगूत दिसतील, त्यांना बघून ठरवू नकोस. रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढलाय पण त्याला वर्षाला ६० हजार डॉलरची मिळकत दाखवावी लागते.

तिरकस_सदाशिव:
६० हजार डॉलर असते तर माणूस कर्वेनगर सोडून गेलाच कशाला असता, डेक्कनला फ्लॅट नसता का घेतला. बरं मीराताई, मिक्सर नेताय का? आमच्या मेव्हण्याने परदेशी नेला आणि पहिल्या चटणीला जाळला.

कर्वेनगरची_मीरा:
हो की! मिक्सर आणि छोटी इस्त्री नेणार होते. चालतील ना?

धनकवडीचा_सानूरकर:
व्होल्टेज आपल्यासारखंच २२०-२३०, मिक्सर जळणार नाही. प्लग वेगळा, दोन गोल पिनांचा, आपल्या तीन पिना बसत नाहीत, चांगल्यातला अ‍ॅडॉप्टर घ्या, तुळशीबागेतला पन्नास रुपयेवाला नको. खरी अडचण दुसरी आहे. तिथे घराला किती लोड मंजूर आहे ते व्हीएमध्ये मोजतात, ९००, १३००, २२०० असं. छोट्या घरांना ९०० किंवा १३०० असतं, मग एसी चालू, राइस कुकर चालू आणि त्यात तुम्ही इस्त्री लावली की सगळं घर अंधारात, बाहेर जाऊन मीटरचा खटका वर करायचा, पावसात पण. त्यामुळे घर बघताना समुद्र किती लांब आहे ते नंतर विचारा, आधी मीटरवरचा आकडा वाचा, २२०० असेल तर घ्या. आणि चटणी करायच्या आधी एसी बंद.